काकांची दुसरी परीक्षा

बाबांचा फोन आला तेव्हा मी वॉर्डातून बाहेर पडत होते. "जोगकाका गेले. सकाळी, चहा घेता घेता," ते म्हणाले. मी म्हटलं, "बरं." दीड महिना झाला, त्या 'बरं'ची मला अजून लाज वाटते.

अयोध्या नगरात काका आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायचे. त्यांची सगळी नोकरी गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्यात, माल तपासण्यात गेली. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत मी पहिल्यांदा आपटले, तेव्हा बी.एस्सी.चा फॉर्म आणून मोकळी झाले होते. पुन्हा बसणार नव्हते. काकांनी तो फॉर्म बाजूला सरकवला आणि कोरा कागद पुढे केला. त्यांच्या कारखान्यात नापास मालाला चिठ्ठी बांधत आणि तिच्यावर दोष नेमका लिहावा लागे. नुसतं 'खराब' लिहिलेलं चालत नसे.

"काका, मी स्क्रॅप आहे," मी म्हटलं.

"ते तू नाही ठरवायचं, बेटा. आधी चिठ्ठी लिही. सुपरवायझरच्या परीक्षेत मीपण लटकलो होतो. दुसऱ्या खेपेला निघाली ना, पास झालो!"

त्या एका वाक्यावर मी वर्षभर ड्रॉप घेतला. ते वर्ष आता अर्धवट झोपेत पाहिल्यासारखं आठवतं... दुपारची वेळ, ओढलेले पडदे, कूलरमधून येणारा ओल्या वाळ्याचा वास, आणि डोळे मिटून बसलेले काका. मी चुकलेला प्रश्न वाचायची, दोष सांगायची. "घाई केली." ते डोळे न उघडता म्हणायचे, "कुठल्या ओळीवर केली, ते लिही." त्यांना झोप लागली असं समजून मी हळूच उठू लागले, की आवाज यायचा, "और?" कधी मलाच डुलकी लागायची. जाग यायची तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलेलं असायचं आणि काका तसेच बसलेले असायचे. त्या खोलीत मला नापास होण्याची भीती कधी वाटली नाही. दुसऱ्या वेळी मला सीट मिळाली.

परवा काकूंना भेटायला गेले. बोलता बोलता काकांच्या त्या दुसऱ्या परीक्षेचा विषय काढला. काकू बघतच राहिल्या.

"दुसऱ्यांदा? अगं, ते पुन्हा बसलेच नाहीत. फॉर्म भरला होता, पण नेऊन दिला नाही. फार वर्षं मनाला लावून घेतलं होतं त्यांनी."

मला आधी रागच आला. माझं अख्खं वर्ष एका थापेवर उभं होतं... मग डोळे भरून आले. जे स्वतःला जमलं नाही, ते त्यांनी माझ्याकडून करून घेतलं होतं.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरची सानिका आली. यंदा मेडिकलला तिचाही नंबर लागला नाही. ती दारातच घुटमळली.

"दीदी, काकांचं सेकंड टाइम क्लिअर झालं होतं ना? ते बोलले होते मला."

मी काकूंकडे पाहिलं. काकूंनी पदरानं डोळे टिपले आणि तिला आत घेतलं.

"झालं होतं तर," त्या म्हणाल्या. "पेढे मीच वाटले होते."