माझं रक्त पेशंटांच्या रांगेत

"मॅडम, ये ट्यूब फिर से लगाऊं क्या?" आमची टेक्निशियन फरहीन म्हणाली. ट्यूबवर नुसता कोड होता. रक्त माझं आहे हे तिला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, लाव. दुसऱ्यांदाही आकडा तसाच चढा आला.

आमची लॅब संभाजीनगरात, काम कंपवातावर. शरीरात पहारा देणाऱ्या पेशी असतात. जंतू दिसला की त्या चवताळतात. काही पेशंटांत त्या विनाकारण चवताळलेल्या दिसतात. त्यानं मेंदूचं नुकसान होतं का, ते आम्ही शोधतो. तुलनेला निरोगी माणसांचं रक्त लागतं, त्याला कंट्रोल म्हणायचं. कंट्रोल कमी पडले की लॅबवालेच हात पुढं करतात. माझ्या चवताळलेल्या पेशींचा आकडा मात्र पेशंटांच्या रांगेत जाऊन बसला होता.

माझ्या आईला कंपवात आहे. तिच्या ब्लाउजचे हुक मी लावते. त्या दिवशी घरी चहा गाळताना माझा हात हलला. गाळणं खाली ठेवून मी बोटं ताणून बघितली.

"हाताकडं काय बघतीस गं?" आईनं विचारलं.

"काही नाही. भाजलं जरा."

सकाळी थेट आमच्या लॅबप्रमुख सरांकडे गेले. "सर, तो कंट्रोल माझा आहे."

सरांनी चष्मा काढला. "या टेस्टवरून रोग कळत नाही. नातेवाइकांना हे तूच सांगतेस ना?"

"सांगते. पण आज मलाच पटत नाहीये. लई भीती वाटतेय, सर."

"रक्त घेताना प्रश्न कुणी विचारले तुला? ताप, जखम, दुखणं?"

कुणीच नाही. घरच्या माणसाला काय विचारायचं, अशी आमची रीत.

"मग गाल कशानं सुजलाय?"

"दाढ आहे, सर. लवंग धरलीय."

"धन्य आहे. आधी डेंटिस्टकडे जा."

दाढेत पू झाला होता. पेशी त्यावर चवताळल्या असणार. दाढ काढली. जखम भरेपर्यंत थांबायचं होतं, आणि तेवढे दिवस मी रोज शर्टाची बटणं लावून बघत होते. मग पुन्हा रक्त दिलं. आकडा निमूट कंट्रोलमध्ये आला. सरांनी पहिला निकाल अभ्यासातून काढून टाकला. आता रक्त देणाऱ्या लॅबवाल्यांनाही आम्ही आधी तोंड उघडायला लावतो.

परवा खुलताबादहून वडिलांना घेऊन आलेल्या मुलीनं विचारलं, "मॅडम, मला बी व्हईल का हो हे?"

"या टेस्टवरून ते कळत नाही," मी म्हटलं.

खरंच आहे ते. आकडा वाईट आला तेव्हा कळलं नव्हतं, चांगला आला तेव्हाही कळलेलं नाही. आईचे हुक लावताना मी अजून बोटांकडे बघते.