रस्त्यावरचा देवदूत

आमचे वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी होते आणि वसाहतीत त्यांच्यासारखा देवमाणूस नव्हता. कुणाचा अर्ज लिहून दे, कुणाच्या म्हातारीला दवाखान्यात पोचव. घरी मात्र आमटीत मीठ कमी पडलं की वाटी भिंतीवर. कामाला जाताना ते आईला आत ठेवून दाराला बाहेरून कुलूप घालत. लोकांना सांगत, "चोऱ्या फार वाढल्यात हो." लोकांना ते पटायचंसुद्धा. आजही आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

शाळेतून आले की मी पायरीवर वडिलांची वाट बघत बसायची. आई खिडकीच्या गजांतून पोळीची गुंडाळी हातात द्यायची. तिची आई वांगणीला अंथरुणाला खिळली होती. दोन स्टेशनं फक्त. पण जायचं नाव काढलं की वडील म्हणत, "बघू." असे तीन महिने गेले.

आम्हाला इंग्रजी शिकवायला कराचीहून आलेल्या एक सिंधी बाई होत्या, उल्हासनगरच्या बराकीत राहायच्या. एकदा त्यांनी दुहेरी स्वभावाच्या माणसांसाठीचे वाक्प्रचार फळ्यावर लिहिले. मेंढीचं कातडं पांघरलेला लांडगा, मखमली हातमोज्यातली लोखंडी मूठ आणि शेवटी, 'स्ट्रीट एंजल, हाउस डेव्हिल'. रस्त्यावर देवदूत, घरात सैतान. साहेबाच्या देशातही असे बाप असतात आणि त्यांच्यासाठी तयार शब्द आहेत, याचं मला इतकं बरं वाटलं की रडूच आलं.

गृहपाठ होता, एकेक वाक्प्रचार घेऊन माणूस रंगवायचा आणि खाली वडिलांची सही आणायची. मी लिहिलं, 'एक गृहस्थ साऱ्या गावाच्या मदतीला धावतात, पण बायकोला तिच्या आजारी आईकडे जाऊ देत नाहीत.' वाचून लाज वाटली तर आई सुटेल, नाही तर मला मार बसेल, एवढाच माझा हिशेब.

वही त्यांनी उघडली तेव्हा त्यांचे साहेब आणि साहेबांच्या बाई चहाला आले होते. मी भिंतीशी सरकून उभी राहिले. वडील मात्र हसले. "कार्टीला अक्कल आहे. ऐका साहेब," म्हणून त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं, मराठीत अर्थही सांगितला.

"कोण मेला असला?" साहेबांच्या बाई म्हणाल्या.

"असतात अशी माणसं," वडील हळहळले. "बिचारीला जाऊ द्यावं की नाही?" आणि झोकात सही ठोकली. त्यांनी स्वतःला खरंच ओळखलं नव्हतं.

आई कपबश्या घेऊन दारात उभी होती. ती त्या बाईंना म्हणाली, "माझीही आई वांगणीला आजारी आहे. उद्या जाऊन यावं म्हणते."

वडिलांचं हसू होतं तिथंच राहिलं. "जा की," ते म्हणाले. "मी कधी अडवलंय?"

सकाळी तिची पिशवी स्वतः उचलून, भेटेल त्याला नमस्कार करत, ते तिला स्टेशनवर सोडून आले. आल्यावर मला म्हणाले, "तुझी शाळा बंद." आणि आता कुलपाच्या आत मी.

पाचव्या दिवशी दुपारी खिडकीशी आई दिसली. मला आनंद झाला आणि तिचा भयंकर रागही आला. सुटली होती ना बाई? "का आलीस परत?" मी विचारलं.

तिनं पिशवी पायरीवर ठेवली आणि गजांतून हात घालून माझे केस मागे सारले.

"तुला पोळी कोण देत होतं?" ती म्हणाली. मग वडील यायची वाट बघत ती पायरीवर बसली.