घरचीच नावं

भवानी पेठेतल्या छापखान्यातला तो जुळारी बोलताना माणसाकडे बघायचाच नाही. बोटं सदा अक्षरांच्या शिशाच्या खिळ्यांत, आणि वाक्यावाक्यात 'की'. शाळेच्या प्रश्नपत्रिका घेऊन मी नेहमी जायचो, पण माझं तोंड त्याच्या लक्षात असेल असं मला कधी वाटलं नाही. छापून झालेला मजकूर तो लगेच मोडत नसे. खिळे तसेच सुतळीने बांधून, कागदात गुंडाळून फळीवर ठेवायचा. म्हणायचा, "ऱ्हाऊ द्या, लागतंय की कवातरी."

बहिणीच्या लग्नाला महिनाही झाला नव्हता, आणि मी वडिलांच्या तेराव्याची पत्रिका छापायला गेलो. त्याने फळीवरून एक गठ्ठा काढला, सुतळी सोडली आणि कानावर अडकवली. आत बहिणीची लग्नपत्रिका होती.

"अहो, ही लग्नाची आहे!" मी ओरडलोच.

"व्हय की. खालची नावं घरचीच हायती की. परत कशाला जुळवायची?"

'आपले नम्र'च्या खाली पहिलं नाव वडिलांचं होतं, त्याखाली माझं. वरचा लग्नाचा मजकूर काढून त्याने तिथे तेराव्याचा जुळवला. मग चिमट्याने वडिलांच्या नावाचा एकेक खिळा उचलला आणि वर, 'कैलासवासी'च्या पुढे नेऊन बसवला. स्मशानातसुद्धा मी एवढा हादरलो नव्हतो.

खाली खाच पडली होती. अंगठ्याने माझी ओळ त्याने त्या खाचेत सरकवली आणि पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"आता हितं तुमी, गुरुजी," तो म्हणाला, आणि सुतळी आवळली.