अप्पांचा ताल आणि पाहुण्यांची काठी

आमच्या सिंफनी ऑर्केस्ट्राला स्वतःचा कंडक्टर कधी लाभलाच नाही. वेस्ट मांबलम वस्तीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये अकरा जणांनी सुरू केलेलं हे खटलं आता पन्नास जणांवर गेलंय, पण काठी हातात घेऊन समोर उभा राहतो तो दर वर्षी नवा पाहुणाच. आमच्यात सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये हयात घालवलेले वादक आहेत, चर्चमध्ये शिकलेले आहेत, आणि माझ्यासारखी, श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात खरेदी विभागात बसून शनिवारच्या तालमीची वाट बघणारी माणसंही आहेत. मी सेकंड व्हायोलिनमध्ये, म्हणजे व्हायोलिनवाल्यांच्या दुसऱ्या गटात, शेवटच्या खुर्चीवर. तिथून मला कोणी हलवत नाही आणि मीही हलायला तयार नाही.

व्हायोलिन मला अप्पांनी, म्हणजे वडिलांनी शिकवलं. जमिनीवर बसून, व्हायोलिनचं टोक पावलावर टेकवून, कर्नाटक पद्धतीनं. ते मांडीवर ताल द्यायचे. मी चुकले तरी त्यांचा हात थांबायचा नाही; धावतपळत गाठायचं ते माझं मी. पुढे मी खुर्चीवर बसून हनुवटीखाली व्हायोलिन धरू लागले, तेव्हा ते आमच्या तंजावूरच्या मराठीत एवढंच म्हणाले, "कागद बघून वाजवणं मणजे दुसऱ्याचं पत्र मोठ्यानं वाचणं ग." त्यानंतर सहा वर्षं एकाही कार्यक्रमाला आले नाहीत. मी वरवर हसून सोडून द्यायचे, पण मला ते फार लागलं होतं. त्यांनी एकदा तरी येऊन ऐकावं, एवढंच मला हवं होतं.

यंदाचे पाहुणे एका थंड देशातले, सत्तरीचे, उंचच उंच. जन्मभर गावोगावच्या ऑर्केस्ट्रांसमोर उभे राहिले, पण आपला म्हणावा असा एकही नाही, हे त्यांनीच इडली खाताना हसत सांगितलं. आम्हाला ते लगेच घरचे वाटले. त्यांना मात्र आम्ही पहिल्याच तालमीत जेरीस आणलं. अर्धा ऑर्केस्ट्रा पायानं ताल धरत होता. यंदाच्या सिंफनीतल्या संथ भागाच्या शेवटी एक जागा होती: त्यांची काठी हळू होत होत हवेत थांबायची, सगळं शांत व्हायचं, आणि त्यांनी खूण केल्यावर फक्त आम्ही सेकंड व्हायोलिनवाल्यांनी चार सूर बोटांनी छेडायचे. आम्ही दर वेळी आधीच घुसायचो. काठी थांबली तरी डोक्यातला ताल कुठला थांबायला! "तुम्ही छान वाजवता," ते म्हणाले, "फक्त माझ्याकडे बघत नाही."

कार्यक्रमाच्या दिवशी अप्पा आले. माझ्या कर्तृत्वानं नव्हे. खालच्या मजल्यावरचे शेजारी मामा फुकटचा पास सोडत नाहीत आणि एकटे कुठे जात नाहीत. दोघं अर्धा तास आधी येऊन पहिल्या रांगेत, बरोबर मध्ये बसले. माझ्या खुर्चीवरून समोर कंडक्टर दिसत होते आणि त्यांच्या कोपराखालून अप्पा. 

संगीत सुरू झालं आणि अप्पांनी मांडीवर ताल धरला. इथल्या सभांमध्ये, म्हणजे गाण्याच्या मैफलींत, सगळेच धरतात, त्यात वावगं काही नाही. पण कंडक्टरांची पाठ त्यांच्याकडे आणि आमची तोंडं! थाप, मग बोटांवरची मोजणी, करंगळी, अनामिका, मधलं बोट, सगळं आम्हाला स्वच्छ दिसत होतं. ती जागा जवळ आली. काठी मंदावली. अप्पांचा हात मात्र ठरल्या चालीनं चालला होता. माझ्या शेजारणीनं डोळे विस्फारून माझ्याकडे पाहिलं, कारण दोन ताल समोर आणि आम्ही मध्ये. काठी हवेत थांबली. अप्पांची थाप मांडीवर पडली.

माझं बोट तारेवर होतं. लहानपणापासून त्या थापेवर मी वाजवत आले होते. मी वाजवलं नाही. आमच्यापैकी कोणीच वाजवलं नाही.

अप्पांनी चमकून वर पाहिलं, आधी काठीकडे, मग थेट माझ्याकडे. पुढची थाप द्यायला त्यांनी हात उचलला आणि तो तसाच वर ठेवला. मामांनी काहीतरी विचारलं, त्यांनी मान हलवून गप्प केलं. किती वेळ गेला कोण जाणे. मग काठीनं खूण केली, आम्ही चार सूर छेडले आणि अप्पांचा हात आमच्याबरोबर खाली आला. मला पुढचा कागद दिसेना, डोळे भरून आले होते. पुढची पानं शेजारणीच्या भरवशावर वाजवली.

कार्यक्रमानंतर कंडक्टर अप्पांना भेटले. अप्पांनी हात जोडले आणि इंग्रजीत गंभीरपणे सांगितलं, "तुम्ही फार थांबता." कंडक्टर पोट धरून हसले. मामांना हसायचं की नाही ते कळेना.

घरी परतताना आम्ही तिघं एका रिक्षात बसलो. मामा कॉफीच्या गोष्टी करत होते.

"तो माणूस पुढल्या वर्षी येणार का ग?" अप्पांनी मध्येच विचारलं.

"नाही अप्पा. पाहुणे ते. पुढल्या वर्षी दुसरे कोणी."

"आणि तू? तू तिथंच बसणार की?"

"तिथंच. शेवटच्या खुर्चीवर."

"सरी, बरं तर," अप्पा म्हणाले. "मग मी येतो."