कुसुमबाईंची झोप

ऑपरेशन संपून पाऊण तास झाला होता आणि कुसुमबाई डोळे उघडत नव्हत्या.

मी यवतमाळात भूलतज्ज्ञ होते. कपाशीवर अळी पडायची, ती वर्षं. कुसुमबाई राळेगावकडच्या, अपेंडिक्ससाठी आल्या होत्या. नाडी, श्वास, डोळ्यांच्या बाहुल्या, सगळं ठीक. दुपारची वेळ. समोरच्या जिनिंग कारखान्यातून कापसाचे तंतू तरंगत आत येत होते. हिरव्या पडद्यातून उतरलेल्या उजेडात अख्खी रिकव्हरी रूमच पाण्याखाली गेल्यासारखी वाटत होती.

सर्जन तिसऱ्यांदा डोकावले. मोठ्या दवाखान्यात हलवायला ॲम्ब्युलन्स सांगून ठेवू का, म्हणाले. मी दहा मिनिटं मागितली.

माझ्याकडे त्वचेचा रोध मोजणारा एक मीटर होता, लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका तंत्रज्ञाने बनवून दिलेला. भुलीत माणसाची कातडी कोरडी पडते, वीज कमी जाते, रोध वाढतो. शुद्ध येऊ लागली की तळव्यांना बारीक घाम सुटतो आणि रोध उतरतो.

बोटांना तारा लावल्या, पण काटा जागचा हलेना. कापसाच्या वेचणीने बोटांची कातडी भेगाळून लाकडासारखी झाली होती. मग तारा तळपायाच्या खोलगट भागाला लावल्या. रोध बराच उतरलेला होता. म्हणजे बाई जाग्या असाव्यात.

खात्रीसाठी कानाशी दोन-चार परकी नावं घेतली. काटा स्थिर. मग म्हटलं, "वर्षा बाहेर बसली आहे." वर्षा त्यांची मुलगी. काटा झरकन खाली आला. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच.

मी स्टूल ओढून जवळ बसले. "कुसुमबाई, ऐकू येतंय ना?"

डोळे मिटूनच त्या पुटपुटल्या, "येते न, बाई."

"मग डोळे काहून उघडत नाही?"

"पडू द्या न मले जराशी. सपनात वावर सारं फुटलं होतं, पांढरं. अन् कोणी वेचाले चाल म्हणून नाही राह्यलं."

तारा काढल्या, चादर वर ओढली. सर्जनना सांगितलं. ते ॲम्ब्युलन्स नको म्हणाले आणि सिस्टरला पंखा कमी करायला सांगितला.

बाई तासभर झोपल्या. उठल्यावर त्यांनी सगळ्यात आधी चहा मागितला.

मीटर चांगला होता, पुढेही वापरला. पण माणूस जागा आहे एवढंच तो सांगतो. त्याला उठायचंय का, हे विचारावं लागतं.