भजनाच्या वेळी पडदे का अडतात?

आमच्या दुकानात गिऱ्हाईक तक्रार घेऊन येतं आणि जाताना किस्सा ठेवून जातं. तक्रार आम्ही मिटवतो, किस्सा मात्र तसाच पडून राहतो. चार मित्र जमले, चहा आला, की कुणीतरी म्हणतंच, "अरे, ते मोटरवालं सांग ना!" एक सांगायला जावं तर त्याच्यामागून दुसरा निघतो. आज हाताशी येतील तेवढे सांगून टाकतो.

आधी धंदा काय तो सांगतो, नाहीतर लोक आम्हाला इन्व्हर्टरवाले समजतात. मोबाईलवर बोट टेकवलं की लाईट लागते, पडदा सरकतो, एसी बंद होतो, असं घर आम्ही करून देतो. त्यासाठी भिंत फोडायची नाही, नवीन वायर ओढायची नाही. घरात विजेच्या ज्या तारा आहेत त्यांच्यातूनच आमचा सिग्नल जातो. गिऱ्हाइकाला हे फार आवडतं. पण त्याच तारांवर मिक्सर, गीझर, चार्जर, झालंच तर शेजारी, असे सगळे बसलेले असतात. त्यातल्या एकाने जरी गोंगाट सुरू केला तरी आमच्या सिग्नलचं कुणी ऐकत नाही!

दुकान सुरतेत, उधन्याला. आम्ही तिघं. मी, विनोद आणि हेतलबेन. विनोदचं मूळ गाव अमळनेरकडे, माझं शहाद्याकडे, पण दोघं वाढलो इथेच, मराठी शाळेत एका बाकावर. हेतलबेन फोन सांभाळतात आणि आम्हा दोघांनाही.

विनोदने मिलमधली पक्की नोकरी सोडून माझ्याबरोबर हे दुकान टाकलं. त्याच्या सासऱ्यांनी ते अजून मनाला लावून घेतलेलं आहे. भेटले की विचारतात, "मग, मिलमध्ये परत कधी?"

*

सुरतेच्याच पाल भागातल्या एका बंगल्याचं काम झालं आणि महिन्याभरात तिथल्या काकांचा फोन आला. तक्रार नव्हती, कौतुक होतं.

"फार छान चालतंय! फक्त बेडरूमची लाईट लावायची तर आधी पाण्याची मोटर चालू करावी लागते. आम्हाला आता सवय झाली."

मी म्हटलं, "काय करावी लागते?"

"मोटर हो. खाली पंप चालू केला की वरची लाईट बरोब्बर लागते. घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय."

आम्ही धावलो. टाकी भरून वाहत होती, गच्चीवरचं पाणी शेजारच्यांच्या मारुती गाडीवर पडत होतं आणि काकू वरून ओरडत होत्या, "अहो, झोपायचंय, लाईट बंद होईपर्यंत मोटर राहू द्या!"

बंगल्यात विजेच्या तीन फेज, म्हणजे तीन वेगळ्या लाईनी. आमचा सिग्नल एका फेजवरून निघायचा आणि बेडरूम होती दुसरीवर. मधे पूल नव्हता. मोटर तिन्ही फेजवर चालते, म्हणून ती सुरू झाली की सिग्नल तिच्या अंगावरून पलीकडे जायचा. आम्ही एक छोटी डबी बसवून तो पूल बांधला. काकांनी ती डबी हातात घेऊन नीट पाहिली आणि म्हणाले, "ही काही मोटरसारखी मजबूत वाटत नाही."

*

कामरेजला दोन भावांची जोड रो-हाऊस, मधे एक भिंत. दोघांच्या बायकांमध्ये, म्हणजे जावाजावांमध्ये, बरीच वर्षं अबोला. दोन्ही घरांचं काम आमच्याकडे आलं आणि विनोदने दोन्ही घरांना एकच कोड ठेवला. घरं दोघांची वेगळी, पण बाहेरून येणारी वीज एकच!

मग काय, धाकटीने हॉलची लाईट बंद केली की थोरलीच्या हॉलमध्ये अंधार. थोरलीने पंखा वाढवला की धाकटीच्या घरात वावटळ. पहिल्यांदा दोघींना वाटलं, दुसरी मुद्दाम करते. भिंतीवर ठोकाठोक झाली. मग दारात येऊन भांडण झालं. मग रोजच्या रोज, "मी आता टीव्ही लावतेय, तुझा लागेल हं," असं सांगावं लागायला लागलं.

विनोदने जाऊन चूक कबूल केली, कोड बदलला, हात जोडले. सगळे खूश. चार दिवसांनी त्या दोघींच्या सासूबाईंचा फोन आला.

"बेटा, होतं तसंच परत करून दे ना! निदान बोलत तरी होत्या!"

*

आता हेतलबेनचं. दुकानात एक मोठं गिऱ्हाईक डेमो बघायला आलेलं. विनोद बटण दाबतोय, लाईट ढिम्म. पडदा ढिम्म. मी घामाघूम. गिऱ्हाईक हसून निघून गेलं आणि मग शोधता शोधता सापडलं काय, तर हेतलबेननी चौटा बाजारातून आणलेला मोबाईलचा चार्जर! असले हलके चार्जर तारांवर एवढा कचरा सोडतात की सिग्नल त्यात बुडून जातो.

बाईंना ते इतकं लागलं की तेव्हापासून कुणाचाही फोन येवो, त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं. "पहले चार्जर निकालो!" आणि गंमत म्हणजे निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. विनोद म्हणतो, "आपल्याला ही बाई उपाशी मारणार."

परवा त्यांच्या सासूबाईंचा फोन आला, गुडघा फार दुखतोय म्हणून. हेतलबेन बिलं चाळत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "पहले चार्जर निकालो!"

*

बारडोलीचा किस्सा सांगताना मात्र मला हसताही येत नाही नीट. उसाच्या शेतांमधे मोठं घर, मालक अमेरिकेत, इथे एकटे राखणदार काका. त्यांचा फोन आला तोच कापऱ्या आवाजात, "भाई, घरमां भूत छे!"

भर दुपारी ओसरीची लाईट आपोआप लागायची. थोड्या वेळाने बंद. मग स्वयंपाकघराची. काका अंगणात खाट टाकून राहत होते, घरात पाऊल टाकायला तयार नव्हते.

आम्ही दिवसभर मीटर लावून बसलो. तार स्वच्छ, सिग्नल झकास, कुठे काही गोंगाट नाही. आणि आमच्या डोळ्यांदेखत ओसरीची लाईट लागली! विनोदनेही खाटेवर पाय वर घेतले. शेवटी मी मालकांना फोन लावला. तिकडे रात्र होती, पण माणूस जागाच होता.

"हां, वो मैं ही हूँ," ते म्हणाले. "घर की याद आती है तो यहीं से, मोबाईल पे, एकाध बत्ती जला के देख लेता हूँ."

मी फोन ठेवला. काकांना सांगितलं तर त्यांचा जीव भांड्यात पडला. खाट उचलून घरात नेता नेता म्हणाले, "त्यांना सांगा, लावा खुशाल. पण आधी एक मिस्ड कॉल देत जा!"

*

हे सगळं हसण्यावारी गेलं. प्रकाशशेठचं मात्र आमच्या गळ्याशी आलं होतं.

प्रकाशशेठ आमच्याच खानदेशातले. वडील लूमवर कामाला होते, लिंबायतच्या एका खोलीत हे वाढले. आज साड्यांचा मोठा धंदा, पलसाण्याला डाइंगचं युनिट आणि वेसूला बंगला. तो आख्खा बंगला आम्ही केला होता, आमचं सगळ्यात मोठं काम. आणि तोच नीट चालत नव्हता. रोज दुपारी पडदे अर्ध्यात अडायचे, एसी ऐकेनासा व्हायचा, कधी देवघरातला दिवा आपला आपण लागायचा. संध्याकाळी पुन्हा सगळं सुरळीत.

शेठनी एक दिवस दुकानात येऊनच सांगितलं, "विनोद, दिवाळीलोंग दखसू. नही सुधरनं ते समदं उखाडीसन तुमना दुकानना म्होरे आनी टाकसू!"

म्हणजे दिवाळीपर्यंत. नंतर सगळं उखडून दुकानासमोर ढीग. आणि कापड मार्केटमध्ये अशी गोष्ट एका चहात पसरते. नंतर आम्हाला सुरतेत काम कोण देणार? विनोद त्या दिवशी जेवला नाही. मला म्हणाला, "सासऱ्याला काय सांगू ते आत्ताच ठरवून ठेव."

आम्ही त्या बंगल्यात काय नाही बदललं! स्विच बदलले, चार्जर काढले, फ्रिजला वेगळी लाईन दिली. पण आम्ही पोचलो की घर शहाण्यासारखं वागायचं. दुपारी शेठच्या आईंचं भजनी मंडळ असायचं. त्यांना सगळे मायच म्हणतात. त्यांना भेटायला लिंबायतच्या जुन्या शेजारणी रिक्षा करून यायच्या, मोठमोठ्या पिशव्या घेऊन. दार लावून भजन. आम्ही गेटवर आलो की वॉचमन वर कळवायचा, भजन थांबायचं आणि माय स्वतः बाहेर येऊन म्हणायच्या, "पोरंसोरं उन्हात आली, चहा टाका."

मायच्या सूनबाईंनी, म्हणजे शेठाणींनी, तर निकाल लावून टाकला होता. "भजनाच्या वेळीच होतं ना? देवघरातला दिवा आपोआप लागतो ना? देव येतो हो!" त्यांच्या मैत्रिणी दिवा बघायला यायला लागल्या होत्या. शेठ मात्र गोंधळलेले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "देव येतो तर येऊ दे, पण तो एसी कशाला बंद पाडतो?"

दिवाळी तोंडावर आली आणि शेजारच्याच बंगल्यातून आम्हाला छोटं काम आलं. तिथे मीटर लावलं तर तारांवर जबर गोंगाट, बाहेरून येणारा. वेळ तीच, दुपारची. या खेपेस शेठच्या वॉचमनला आम्ही आलोय याचा पत्ताच नव्हता! विनोद गच्चीवर गेला. समोर मायच्या खोलीची खिडकी, आतून भजनाचा आवाज. विनोद भक्तिभावाने ऐकत उभा राहिला. तेवढ्यात भजनाच्या मधेच टूथपेस्टची जाहिरात लागली!

त्याने मला वर बोलावलं. दोघांनी वाकून पाहिलं. मोबाईलवर भजन चालू आणि माय, चार बायका, मधे पसरलेली साडी. मायच्या हातात पेनासारखी नळी, तिची वायर एका डब्यात, डबा प्लगमध्ये. नळीच्या टोकाने एकेक चमकता खडा उचलायच्या, साडीवर टेकवायच्या, पायाखालचं बटण दाबायच्या, खडा चिकटला. घरोघरी बायका हे काम करतात, सुरतेत काय नवल! नवल एवढंच की बंगला प्रकाशशेठचा होता. आणि तो डबा सुरू झाला की आमचा सिग्नल मेला, आणि त्याच्या गोंगाटालाच हुकूम समजून कधी देवघरातला दिवा लागायचा.

मागच्या दाराने शेठच्या बंगल्यात शिरलो, भजनाच्या खोलीवर टकटक केली आणि मायनी दार उघडलं. आम्ही दोघं टेस्टर आणि मीटर घेऊन उभे. त्यांनी लपवालपवी केली नाही, फक्त पदर सावरला.

"मना पोऱ्याले सांगू नका रे भाऊ," माय म्हणाल्या. "रिकामं बठीसन माले करमस नही. हात आखडी जातस. त्याले कळनं ते तो म्हनी, मायनी इज्जत काढी. अन् ह्या बायास्नं येनं बंद करी."

मागे त्या बायका साडी मांडीवर घेऊन आमच्याकडे बघत होत्या. विनोदचं दुकान, त्याचा सासरा, सगळं त्याच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं. शेठना एक फोन केला असता तर खापर आमच्या डोक्यावरून तिथल्या तिथे उतरलं असतं. विनोदने बॅग उघडली, तारांवरचा कचरा अडवणारा फिल्टर काढला आणि मायच्या प्लगमध्ये बसवला. मग खाली वाकून म्हणाला, "माय, आता चालू कर."

मायनी बटण दाबलं. मी मोबाईलवर पडदा सरकवला. पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. मला एवढं हलकं वाटलं की तिथेच फरशीवर बसलो.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात शेठनी बोलावलं. आम्ही धास्तावूनच गेलो. पण शेठ सोफ्यावर रिमोट घेऊन पडदे उघडत होते, मिटत होते, लहान मुलासारखे. "आते कसं! मना मेव्हनाना बंगलाबी तुम्हीच करा! पण व्हतं काय ते?"

विनोद म्हणाला, "भजनाच्या खोलीत एका प्लगमध्ये दोष होता शेठ. फिल्टर लावलाय."

सूनबाई जरा हिरमुसल्या. शेठ मात्र खुशीत होते. बाजूच्या खोक्यातून त्यांनी एक साडी काढून आमच्यासमोर पसरली. गर्द जांभळी, काठापासून पदरापर्यंत खड्यांचं बारीक काम.

"हे बघा! आमचा दिवाळीचा माल. एक खडा ओढून दाखवा, निघणार नाही! आख्ख्या मार्केटमध्ये असा हात दुसऱ्या कुणाचा नाही. लिंबायतकडची कुणी बाई आहे म्हणे. दलाल नाव सांगत नाही, चोर! मी तिला शोधतोय."

विनोदला ठसका लागला. माय चहाचा ट्रे घेऊन आत येत होत्या. त्यांनी ट्रे ठेवला, साडीचा काठ दोन बोटांत धरून पाहिला आणि सोडून दिला.

"कितला देस रे तू तिले?"

शेठनी भाव सांगितला.

मायनी पहिला कप विनोदच्या हातात दिला, दुसरा माझ्या, आणि पोराकडे न बघताच म्हणाल्या, "कमी शे. वाढाव."