अर्धवट टाकलेली कामं

बेसिंगस्टोकजवळच्या आमच्या गावातलं फायर स्टेशन बंद होणार होतं. ते वाचवायचं तर त्याचा इतिहास वरच्या अधिकाऱ्यांना पाच वाजेपर्यंत ईमेलने पाठवायचा होता, तोही तीनशे शब्दांत. टायपिंग माझ्याकडे आलं आणि माहिती द्यायला एक प्लंबर. स्टेशनची सगळी माणसं अशीच, एरवी आपला धंदा करणारी आणि पेजर वाजला की आपापलं काम टाकून आगीवर धावणारी. हा गृहस्थ बोटाने टेबल पुसत, कुठल्या आगीला कोण काय टाकून गेलं तेच सांगत बसला. बेकरचे पाव जळले, न्हाव्याचं गिऱ्हाईक अर्धे केस कापलेलं बसून राहिलं.

"अहो, किती माणसं वाचली ते सांगा ना!" मी वैतागून म्हटलं.

"ते रिपोर्टांत आहे, लव्ह," इथे कोणालाही म्हणतात तसं तो मला म्हणाला. "पावांचं कोणीच लिहिलेलं नाही."

मी पाव खोडले, त्याने परत लिहायला लावले. असं चारदा झालं. पावणेपाचला तो म्हणाला, "आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे..." तेवढ्यात पेजर वाजला. व्हॅनची चावी उचलून तो पळालासुद्धा.

मी कपाळावर हात मारला. टाइप केलेलं ते अर्धं वाक्य मला पुरं करता येणार नव्हतं. त्याच्याखाली लिहिलं, 'सांगणारे आत्ताच आगीवर गेले आहेत', आणि तसंच पाठवून दिलं.